कुणाची हरकत आली नाही

जगभर फुकट वापरल्या जाणाऱ्या एका कॉम्प्युटर सिस्टिमवर मी काम करतो. आमच्या कामात एक रीत आहे. जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला स्क्रीनवर चित्र उमटवायला लावणारा कोड, काढून टाकण्याआधी मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, जगभरच्या लोकांना विचारायचं, हे कार्ड अजून कुणी वापरतं का? मी विचारलं. महिनाभर कुणी हूं की चूं केलं नाही. मग मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये बसून मी तो कोड उडवला आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, ‘वापरणारं कुणी उरलेलं नाही.’ भंगार गेलं म्हणून खूशही झालो.

पुढच्या वर्षी कधीतरी त्याच शहरात, जे. पी. नगरला बाबांकडे गेलो. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले बाबा त्यांच्या कॉम्प्युटरसमोर पेपर वाचत बसले होते. स्क्रीन काळी. आत तेच कार्ड होतं, कॉलेजात असताना मीच बसवलेलं. आमच्याच सिस्टिमचे अपडेट आपोआप होतील अशी सोयही मीच करून ठेवलेली.

“कधीपासून बंद आहे?”

“झाले चार महिने.”

“मग फोन करायचा ना!” मी खेकसलोच.

बाबांनी पेपरची घडी घातली.

“म्हटलं, तू येशील तेव्हा सांगू.”