नमुन्याबरहुकूम

हिंगोलीत स्टेशनकडं जाताना चाँद पाशाचं लेथचं दुकान लागायचं. पंपाची, मळणीयंत्राची कसलीही मोडकी वस्तू आणा, तो तिच्यासारखी दुसरी करून द्यायचा. "नमुना द्या, बराबर तस्साच घ्या," हे तो अशा ऐटीत म्हणायचा की गिऱ्हाईकानं निमूट मान डोलवावी. तीस वर्षांत "चुकलं" हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

२००३च्या हिवाळ्यात सेनगावचे भीमराज सर एक नवलाचं काम घेऊन आले. त्यांच्या मेहुण्यानं पंधरा वर्षांपूर्वी मस्कतहून रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर आणलं होतं. पाती चांगली हातभर लांब. ती धरून ठेवणारे दोन तुकडे तडकले होते, आणि कंपनीनं ते बनवणंच बंद केलं होतं.

"चाँदभाई, शाळंत विज्ञान प्रदर्शन हाय. उडवायचं म्हणून राहिलो. जमंल का?"

चाँद पाशानं जुना तुकडा मोजला आणि आठ दिवसांत दोन चकचकीत तुकडे सरांच्या हातावर ठेवले.

प्रदर्शनाच्या दुपारी दुकानातलं टेबल आवरताना तो जुना तुकडा हाती लागला. चाँद पाशानं तो सहज उजेडाकडं धरला. बोल्टचं भोक गोल नव्हतं. पात्याच्या ओढीनं घासून घासून ते लांबट झालं होतं, आणि यानं माप घेतलं ते नेमकं लांब बाजूचं. नवेकोरे तुकडे झिजूनच जन्माला आले होते! बोल्ट ढिला, म्हणजे पातंही ढिलं. वेगात सुटलं तर कुणाचाही गळा कापेल. आणि समोर शाळेची सगळी पोरं बसणार होती. त्यांत सेनगावला आजोळी शिकणारी त्याची लेक उझ्माही.

शाळेचा फोन नुसताच वाजत राहिला. सेनगावची जीप भरल्याशिवाय हलेना. "अरे, काढ ना बाबा!" तो ड्रायव्हरवर खेकसला. वाटभर त्याला उझ्माची बारीकशी मान दिसत होती.

मैदानाशी उतरला तेव्हा हेलिकॉप्टर पोरांच्या डोक्यावर घरघरत होतं. ओरडावं, तर दचकून सरांचा हात हलायचा. रांगांतून वाट काढत तो उझ्मापुढं गेला आणि यंत्राकडं पाठ करून, हात पसरून उभा राहिला.

"अब्बा, हटो ना! दिखताच नहीं!" उझ्मा रडकुंडीला आली. पोरं फिदीफिदी हसली. तो हलला नाही.

शेवटी घरघर थांबली. हेलिकॉप्टर धुळीत टेकलं होतं. टाळ्या वाजत असतानाच चाँद पाशा सरांजवळ गेला. "सर, आता उडवू नका. माझं चुकलं."

सरांनी पातं हलवून पाहिलं. ते खडखडलं, तसे सर पोरांच्या रांगांकडं बघू लागले.

संध्याकाळी उझ्मा नानीपाशी मुसमुसत होती. "सबने देखा नानी, मैंच नहीं देखी."

चाँद पाशानं हातातली चहाची बशी खाली ठेवून तिच्या बारीकशा मानेवरून हात फिरवला.