पालथी वाटी

मुलांचा भुतांवरचा विश्वास घालवायचा म्हणून मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या तासाला प्लँचेट मांडलं. भोवती खडूने अक्षरं, मधल्या पालथ्या वाटीवर तीन मुलींची बोटं. वाटी सरकत नीट उत्तरं देत होती. मुलींचे डोळे बांधले, तेव्हा ती भलतीकडेच भरकटली.

"म्हणजे नकळत आपणच ढकलतो," पट्ट्या सोडत मी म्हणालो. वर्ग हसला.

त्या तिघींतली सायली हसली नाही. तिचे वडील दिवाळीआधी गेले होते, तिच्याशी झालेलं भांडण मिटायच्या आत.

"सर, होस्टेलवर वाटीतून बाबा म्हणाले होते, रागावलो नाही. ते मीच म्हटलं का?"

मी होकारार्थी मान हलवली. पुराव्याने भूत जातं. त्याच्यासोबत आणखी कोण जातं, हे पुस्तकात नसतं.

तिने बोट उचललं. तरी बराच वेळ ती वाटीकडे बघत राहिली.