चाचांचा आवाज

दौलताबादच्या अलीकडं, नव्या प्लॉटिंगला लागून असलेल्या, सोडवून आणलेल्या हत्तींच्या निवाऱ्यात मी दर रविवारी चारा तोडायला जायचो. तिथं एकच म्हातारी हत्तीण होती. तिला कुणी हुकूम द्यायचा नाही, हा पहिला नियम.

पाण्याचा टँकर चाचा आणायचे. लांब फाटकाबाहेर त्यांची बडबड संपायची नाही. कुठली विहीर आटली, कुठल्या शेतात बिल्डिंग उठली. आत मात्र एक शब्द नाही. खुणेनंच नळी मागायचे, हौद भरला की हत्तीण पाणी पिताना लांबून बघायचे आणि निघायचे.

एकदा नळी निसटली. दुष्काळातलं पाणी मातीत चाललेलं बघून चाचा ओरडले, "अरे, पकडो ना!"

झाडाखालची हत्तीण वळली, गुडघे टेकून बसली आणि सोंड कपाळाला लावून तशीच थांबली.

"बारा साल लग्नांच्या वरातीत मीच फिरवली हिला," चाचा पुटपुटले. "माझा आवाज ऐकला की सलाम करते."

"मग उठवा ना," मी म्हणालो.

"उठ म्हणालो, तर तो पण हुकूमच."

शेवटी त्यांना म्हणावंच लागलं. ती उठून त्यांना शोधू लागली, तोवर ते टँकरमागं गेले होते.

पुढच्या रविवारी चाचा तोंडाला रुमाल बांधून आले. फाटकाबाहेरही त्यांनी तो सोडला नाही.