ड्रायव्हर, खाली उतरा

आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नजरेनं जोखली नाही अशी वस्तू देवळाली प्रवरेत उरलेली नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात गेली. उसाचा ट्रॅक्टर फाटकातून वळला की आकडा यांच्या तोंडात तयार. निवृत्तीनंतर ऊस सुटला, सवय सुटली नाही. भोपळा, गॅसची टाकी, पाहुणे, सगळे काट्यावर. लग्नात मी पाया पडायला वाकले, तर आशीर्वादाच्या आधी "बावन्न" म्हणाले होते. हल्ली "एकाहत्तर" म्हणतात आणि दुर्दैवानं तोही आकडा बरोबर असतो. चार वर्षं झाली, त्यांना डिमेन्शिया आहे. वार, महिना, नातवाचं नाव, सगळं निसटतं. माझं वजन तेवढं टिकून आहे! दुपारी चारला सदऱ्यावर बनियन चढवून दुसऱ्या पाळीला निघतात. मी सोबत जाते. पिंपळापर्यंत पोहोचलो की "आज गाळप बंद हाय" म्हणून स्वतःच मागं फिरतात.

अशा माणसाला जोखायला दर तीन महिन्यांनी दवाखान्यातून एक सिस्टर फॉर्म घेऊन येते. अंघोळ स्वतः करतात का, कपडे घालतात का, तरतरी कितपत आहे, सगळ्याला मार्क. गेल्या खेपेला मार्क घसरले, तेव्हा पुण्याच्या भावजींचा, म्हणजे माझ्या दिरांचा, फोन आला. "वहिनी, या वेळीही कमी पडले तर नानांना इकडं वृद्धांच्या केंद्रात ठेवू. तुम्ही तरी किती दिवस ओढणार?" बोलले ते मायेनंच. पण चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून मामा काय जोखणार? मी पदर खोचला आणि मामांचा अभ्यास घ्यायला लागले. वीस वर्षं शाळेत कॉप्या पकडणारी बाई मी. परीक्षेच्या दिवशी त्यांना अगदी चिकटून बसले.

"आजोबा, आज वार कोणता?" सिस्टरनं विचारलं.

"एवढ्या शिकलात, अन् वार ठाव न्हाई? भिंतीवर कॅलेंडर हाय, बघा की."

"मंगळवार," मी कुजबुजले.

"सदरा स्वतः घालता?"

"घालतात की!" म्हणत मी सदरा आणला, त्यांचे हात बाह्यांत घातले आणि बटणं लावायला लागले. सिस्टर बघत होती. "ताई, त्यांना जमत नाही, की तुम्ही जमू देत नाही?"

तेवढ्यात मामांनी माझा हात बाजूला सारून सदरा काढला. आवाज एकदम काट्यावरचा. "ड्रायव्हर, खाली उतरा. गाडीत बसून वजन व्हत न्हाई. तुमचंबी त्यात धरलं जातं."

एकाहत्तर किलोंचा ड्रायव्हर मुकाट्यानं खाली उतरला आणि अंगणात जास्वंदीपाशी जाऊन उभा राहिला. अकरा मिनिटं. मग मामा बाहेर आले. सदरा अंगात, बटणं एक घर चुकलेली, कॉलरची एक बाजू कानाला टेकलेली. सिस्टरनं लिहिलं : स्वतः, सावकाश. मामांनी तिच्याकडं बघून "अठ्ठावन्न" म्हटलं. ती लाजली आणि तरतरीचा रकाना तिनं न विचारताच भरून टाकला. भावजींना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी अकरा मिनिटांचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "राहू द्या नानांना तिथंच."

तेव्हापासून रोज सकाळी मी सदरा खाटेवर ठेवते आणि अंगणात जाते. पूर्वी चहा कोमट व्हायचा, आता पार निवतो. तरी आत जात नाही. सून म्हणून ते मला आता ओळखत नाहीत, ड्रायव्हर म्हणतात. शेवटी आतून हाक येते, "या, काटा मोकळा झाला."

परवा मात्र माझ्याकडं बघतच राहिले. आकडा येईना. ओठ हलले, थांबले. माझ्याच्यानं राहवेना. "एकाहत्तर, मामा," मी हळूच म्हणाले.

"चोरी करू नका," मामा म्हणाले. "बाहत्तर हाय."

वजन वाढल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.