सहा जोड बूट

"बूट काढ."

सुपरवायझर मिलिंद हे माझ्या कानात नाही म्हणाला. मोठ्याने म्हणाला. मांडवात सगळे बसले होते. पहिल्या रांगेत ट्रान्सपोर्टचा मालक, आमचा शेठ. शेजारी प्लांटचे साहेब आणि त्यांची बायको, हातात सामोशाच्या बश्या. मागे आम्ही टँकरवाले. माहुलच्या पार्किंगमध्ये सुरक्षा सप्ताह चालला होता. पाच मिनिटांपूर्वी साहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला होता, हातात नव्या बुटांचा जोड दिला होता. "घाल, घाल, फोटोत दिसू देत," म्हणाले होते. मी घातले. नऊ नंबर. माझ्या मापाचे. पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवायला लागून चार वर्षं झाली होती, पायाला नीट बसणारा सेफ्टी बूट त्या दिवशी पहिल्यांदा घातला.

"काढ ना रे लवकर. उद्या गोरेगावच्या पार्किंगला फंक्शन आहे, तिकडे वाटायचेत."

मी खाली वाकलो. नाडी सोडली. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. साहेबांच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला. शेठ म्हणाला, "अरे, त्या अंगठ्याला पण हार घाला कोणीतरी!"

मांडव हसला. मागचे आमचेही हसले. आणि मी? मीही हसलो. एका पायावर तोल सांभाळत, बूट हातात धरून, दात दाखवले. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

बाबा घाटकोपरला छापखान्यात कामाला होते. छपाईत बिघडलेली पत्रकं घरी आणायचे. मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही भावंडं गणितं करायचो, पुढची बाजू वाचायचो. कामगार बंधूंनो, उठा. संपाची हाक. भाडेकरूंचा मोर्चा. दहा वर्षांचा होईपर्यंत मला अर्धी पत्रकं तोंडपाठ होती. पाठ असून काय? वाकायची वेळ आली तेव्हा वाकलोच.

बुटांचं आधी सांगतो. प्लांटच्या गेटवर नियम कडक. पायात सेफ्टी बूट नसेल तर गाडी आत जात नाही. शेठकडे ड्रायव्हर चाळीस आणि बूट सहा जोड. ते सहा जोड गेटवरच असतात. भरलेली गाडी घेऊन बाहेर येणारा बूट काढतो, आत जाणारा तेच घालतो. आतून गरम, ओले. दुसऱ्याचा घाम. सगळे आठ नंबर, त्यामुळे माझी बोटं आत दुमडलेली. आम्हा सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत एकच खाज, आणि मलमाची एकच ट्यूब सगळ्यांत फिरते.

गेटच्या आत बूट. बाहेर स्लिपर. आणि जीव जायचं काम बाहेर. पंपावर पोचलं की टाकीवर चढायचं, झाकणं उघडायची, पंपाचा माणूस डीपची काठी घालून माप बघेपर्यंत वर उभं राहायचं. तेलाने बुळबुळीत झालेला पत्रा. खाली सिमेंट. तिथे आमचे पाय बघायला कोणी येत नाही.

पगार फेरीवर. गेटबाहेर पाच तास रांगेत बसलो, ते धरत नाहीत. बोरिवलीला जाताना हायवेवर अडकलो, ते धरत नाहीत. पंपावर आधीची गाडी खाली होत असेल तर थांबायचं, तेही फुकट. केबिनमध्ये चहा उकळायचा नाही, बिडी ओढायची नाही. ते बरोबरच आहे, पाठीमागे बारा हजार लिटर पेट्रोल असतं. पण पंपाच्या संडासला कुलूप, वर पाटी: फक्त ग्राहकांसाठी. बारा हजार लिटर आणणारा माणूस ग्राहक नसतो.

आमच्यात सगळ्यात जुने ड्रायव्हर तात्या. देवगडकडचे, साठीला आलेले. बूट काढून देताना दर वेळी म्हणायचे, "घे रे झिला, गरम करून ठेवलंय."

मांडवातल्या त्या दिवसानंतर महिनाभराने, एका मंगळवारी सकाळी, तसंच म्हणाले. त्यांची गाडी भरून मरोळच्या पंपाला निघाली होती. माझी आत जाणार होती. बाकीचे पाच जोड आत गेलेले, हा एकच हाताशी.

"तात्या, वर चढताना जपून. स्लिपर पार घासलीये तुमची."

"मी आणि माझी चपलां, दोगांय घासलेली," ते म्हणाले आणि केबिनमध्ये चढले.

मी प्लांटमध्ये भरायच्या रांगेत होतो, तेव्हा मरोळला तात्यांचा पाय टाकीवरून सरकला. खुबा मोडला. मला बातमी बाहेर आल्यावर कळली, कारण आमचे फोन गेटवर जमा असतात. वॉचमनने सांगितलं. मी गेटवरच्या बाकावर बसलो, नाडी सोडायला वाकलो आणि हात तिथेच थांबला. तात्या पडले तेव्हा हे बूट माझ्या पायात होते.

पुढच्या आठवड्यात शेठने मुलुंडच्या ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. चार वर्षांत पहिल्यांदा. चहा मागवला.

"तू शिकलेला मुलगा आहेस," शेठ म्हणाला. "तात्यांच्या बायकोने कामगार ऑफिसात भरपाईचा अर्ज टाकलाय. कोणीतरी शिकवलंय तिला. आपण फक्त खरं काय ते सांगायचं."

मिलिंदने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यातलं खरं असं होतं: तात्यांना बूट दिलेले होते. त्या सकाळी ते बूट त्यांच्या केबिनमध्ये टांगलेले मी पाहिले. त्यांनी निष्काळजीपणे ते घातले नाहीत. खाली माझं नाव, सहीला जागा. मी सही केली की तात्यांची भरपाई बुडाली.

सोबत रजिस्टर. 'बूट मिळाले' या रकान्यात तात्यांची सही.

"सही त्यांचीच ना? मग?" मिलिंद म्हणाला.

"तुला जवळच्या फेऱ्या लावतो," शेठ म्हणाला. "घाटकोपर, चेंबूर. दिवसाला तीन सहज होतील."

मी रजिस्टरचं पान उलटलं. माझं नाव सापडलं. बूट मिळाले. समोर माझी सही. कामावर लागलो त्या दिवशीची. मिलिंदने जिथे बोट ठेवलं तिथे केली होती. पत्रकं पाठ असलेल्या मी, स्वतःच्या सहीशेजारची दोन शब्दांची ओळ वाचली नव्हती.

"शेठ, बूट माझ्या पायात होते."

"काय?"

"तात्या पडले तेव्हा. त्यांनीच गेटवर काढून दिलेले. मी प्लांटमध्ये होतो. गेटच्या वहीत माझी वेळ लिहिलेली आहे."

"तुला विचारलंय कोणी?"

"तुम्हीच बोलावलंत."

शेठने माझ्यासमोरचा चहा उचलून बाजूला ठेवला. "चावी ठेव टेबलावर. मुंबईत तुला गाडी कोण देतो ते बघतोच मी."

चावी ठेवली. कागद तसाच राहिला, सहीशिवाय.

तिथून थेट हॉस्पिटलात गेलो. तात्या झोपले होते. बाहेर व्हरांड्यात त्यांच्या बायकोला, काकींना, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"तू घातलंस ते?"

"हो."

"मगे सगळ्यांसमोर सांगशीत ह्या?"

"सांगणार."

"तुझी नोकरी?"

"गेली, काकी."

त्यांनी आभार मानले नाहीत. पाठीवर हात ठेवला नाही. "बरा झाला म्हणाचा की वायट, माका कळना नाय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. बरोबर केलं त्यांनी. मी काही उपकार केले नव्हते.

आता मी मरोळच्या एका गाळ्याचा टेम्पो चालवतो. टँकर कोणी देत नाही, शेठने शब्द पाळला. मला एका जागी बसवत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी माहुलला जातो, गेटबाहेर रांगेत उभ्या असलेल्या केबिनच्या काचा वाजवतो. रजिस्टरात काय लिहिलंय ते बघितलंस का, विचारतो. काही जण काच वर करतात. एक जण म्हणाला, "यार, तुझी वाट लागली, आता आमची लावतोस?" तेव्हाही त्याच्या मागे तो बाक दिसत होता, आणि बाकावर दोन माणसं एकच जोड एकमेकांना देत होती.

कामगार ऑफिसात तारीख पडली आहे. शेठचा वकील ते रजिस्टर पुढे करणार, माझ्या सहीवर बोट ठेवणार आणि विचारणार, ही तुझीच ना? मी हो म्हणणार. माझीच आहे आणि खोटी आहे. वाचता येत असून न वाचता केली, काम जाईल या भीतीने केली. त्याबद्दल माझ्यावर जे लावायचं ते लावा. त्या रजिस्टरात चाळीस सह्या आहेत. पहिली खोटी मी ठरवणार. आणि तिथून बाहेर पडून तात्या सोडून उरलेल्या अडतीस जणांच्या दारात जाणार, एकेकाच्या, दार उघडेपर्यंत.