दर वर्षी तेच ॲव्हरेज

टेक्सासातल्या प्लेनोमध्ये आमच्या ऑफिसची सॉफ्टबॉलची टीम आहे. नागपूरला कॉलेजात हा खेळ मी खेळले होते, म्हणून इथेही हौसेने नाव दिलं. पहिल्या सीझनअखेर माझं ॲव्हरेज निघालं चारास एक, म्हणजे चारदा बॅटिंगला गेले की एकदाच हिट, आऊट न होता बेस गाठून देणारा फटका. पुढच्या वर्षी अगदी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच आलं, तेव्हा टीमचे आकडे ठेवणारा माझा पुण्याचा सहकारी म्हणाला की बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्येही असे खेळाडू होऊन गेलेत. वर्षं बदलतात, ॲव्हरेज हलत नाही. त्याला गंमत वाटत होती. मला ते लागलं.

चौथ्या वर्षी हा आकडा मोडायचाच, असं मी ठरवलं. शेजारच्या काकू निवृत्त डॉक्टर, अर्धं आयुष्य टेक्सासात काढलेल्या आणि बेसबॉलवेड्या. शनिवारी सकाळी त्या माझ्याबरोबर सरावाला यायच्या आणि जाळीबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. मी बॉल पोचायच्या आधीच खांदा फिरवते, हे त्यांनीच हेरलं. ती खोड जायला वसंत ऋतू संपला. तळहात इतके हुळहुळायचे की स्टिअरिंग धरवायचं नाही.

पण हिट्स मिळू लागल्या. सीझन संपत आला तरी ॲव्हरेज वरच होतं.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी सहकारी माझ्या डेस्कपाशी आला. मॅचच्या निकालाने आमच्या टीमला आता काही फरक पडणार नव्हता.

“उद्या तू बाहेर बस,” तो म्हणाला. “ॲव्हरेज आहे तसं राहील. कशाला रिस्क घेतेस, यार?”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी सल्ला दिलाच नाही. एवढंच विचारलं, “तुला खेळायचंय का?”

“हो.”

“मग झालं तर.”

मी खेळले, काकूही बघायला आल्या. सुरुवातीला सोपे कॅच देऊन परतले. शेवटच्या वेळी मात्र बॉल बॅटच्या बरोबर मध्यावर बसला. इतका कडक फटका मी आयुष्यात मारला नव्हता. समोरच्या टीमच्या थर्ड बेसवरच्या मुलीने उडी घेतली आणि बॉल हवेतच पकडला.

मॅचनंतर सहकाऱ्याने हिशोब केला आणि फोन माझ्यापुढे धरला. चारास एक.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आज घरी बसले असते तर तो फटका माझ्या हातून निघालाच नसता, हेही तिथेच उभी असताना कळत होतं. मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी माझं नाव ठेव.

“आणि परत तेच आलं तर?”

“येऊ दे.”

पार्किंगमध्ये गाडी तापून भट्टी झाली होती. काकूंनी एसी पूर्ण लावायला सांगितला आणि घर येईपर्यंत थर्ड बेसवरच्या त्या मुलीचंच कौतुक करत राहिल्या.