टेबलाखालचा राउटर

परवा माळा आवरताना जुना राउटर सापडला. सहज प्लगला लावला, तर तापलेल्या प्लास्टिकचा तोच वास आला आणि मला मुलुंडचं जुनं ऑफिस आठवलं.

तिथे प्रत्येक कॉम्प्युटरला आपोआप नेटवर्कचा अ‍ॅड्रेस मिळायची व्यवस्था नेटवर्क सांभाळणाऱ्या सुनंदाताईंनी बसवली होती. मला टेबलाशी वायफाय हवं होतं, म्हणून हा घरचा राउटर मी गुपचूप जोडला. तोही अ‍ॅड्रेस देऊ लागला, पण चुकीचे. तासाभरात निम्मं ऑफिस ठप्प झालं.

"सुनंदाबाई, वाट लावलीत ना सगळ्याची!" साहेब सगळ्यांसमोर ओरडले.

"सर, माझं सेटिंग बरोबर आहे. दुसरंच काहीतरी अ‍ॅड्रेस देतंय." ताई माझ्याकडे वळल्या. "काल आपण दोघांनी तपासलं होतं ना रे?"

मी टेबलाखाली हात घालून वायर उपटली. म्हणालो, "मला नाही आठवत, ताई."

महिनाअखेरीस त्यांना काढलं. निघताना त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. त्या राउटरची नेटवर्कमधली नोंद त्यांनी शोधून काढली होती, माझ्या टेबलाच्या नंबरासकट.

"तुझ्या घरी तान्हं बाळ आहे ना," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या जिना उतरत होत्या आणि साहेबांची केबिन दहा पावलांवर होती. मी कागद खिशात घातला आणि कामाला बसलो.